केतिलचा निकाल आणि ब्रिमिरचे दात

हामार फार्मच्या केतिलने एखाद्या घोड्याबद्दल "नाही" म्हटलं की खोऱ्यात त्यापुढे कोणी बोलत नसे. हा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता. एकतीस वर्षांत तो आपोआप त्याच्याकडे येत गेला होता. सुरुवात झाली ती पाद्रीबुवांच्या घोड्यापासून. तो घोडा दर रविवारी चर्चच्या फाटकाशी अडायचा आणि पाद्रीबुवा दर रविवारी त्याला कत्तलखान्यात पाठवायची भाषा करायचे. तेहतीस वर्षांच्या केतिलने त्याला दोन आठवडे आपल्याकडे ठेवून घेतलं आणि पंधराव्या दिवशी सगळ्या गावासमोर सांगितलं, "घोडा ठीक आहे. तुमची बैठक वाईट आहे." पाद्रीबुवा महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत, पण बैठक सुधारली आणि घोडा पुढे नऊ वर्षं चालला.

तेव्हापासून सप्टेंबरात डोंगरावरचे घोडे खाली आणून आपापल्या कुंपणात वाटून झाले की, ज्याचा घोडा बिघडला असेल तो त्याला हामारला आणून सोडायचा. केतिलची पद्धत ठरलेली होती. मुक्काम चौदा दिवसांचा. पहिले तीन दिवस खोगीर नाही, नुसतं बघायचं. चौथ्या दिवसापासून रोज एकच रस्ता: कुंपणाच्या कडेने नदीपर्यंत, नदीतून पलीकडे, खडीच्या वाटेने चर्चपर्यंत आणि परत. संध्याकाळी एका जुन्या डायरीत त्या दिवसाची एक ओळ. पंधराव्या दिवशी सकाळी मालकाला फोन. फोनवर दोनपैकी एकच उत्तर असायचं, "आणखी एक हिवाळा ठेव" किंवा "नाही". या कामाचे त्याने कधी पैसे घेतले नाहीत. लोक वर्षाकाठी खारवलेल्या मांसाची एखादी बादली आणून द्यायचे. ते मांस बहुतेक वेळा त्याने "नाही" म्हटलेल्या घोड्याचंच असायचं आणि यात कोणाला काही वावगं वाटत नसे.

त्याची बायको ओड्नी याला "केतिलचं कोर्ट" म्हणायची. "जरा हळू बोला, कोर्ट चालू आहे," असं ती कॉफीला आलेल्यांना सांगायची, आणि केतिल खिडकीतून कुंपणातल्या घोड्याकडे बघत असायचा.

त्याचं घोड्यांबद्दलचं मत साधं होतं. काही घोडे मन लावून काम करतात, काही कामचुकार असतात. कामचुकार घोड्याला वय झालं की आपली चाल सापडते. तो डोकं झटकायला लागतो, लगाम घेत नाही, माणूस घाबरला की त्याला कळतं, आणि मग तो कोणाच्याच उपयोगाचा राहत नाही. याच्या उलट त्याची स्वतःची घोडी ह्रीमा. सतरा वर्षांची, करड्या रंगाची. वाऱ्यात, गारांत, छातीभर पाण्यात, तिने कधी मान हलवली नव्हती. घोडा कसा असावा असं कोणी विचारलं की तो नुसतं तिच्याकडे बोट करायचा.

त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तुंगा फार्मची उन्नूर आपला ब्रिमिर घेऊन आली. उन्नूर पंचावन्नची, नवऱ्याच्या मागे एकटीने फार्म चालवणारी. उन्हाळ्यात ती परदेशी पाहुण्यांना घोड्यांवरून आतल्या पठारावर घेऊन जायची. अकरा उन्हाळे ती ब्रिमिरवर बसून तांड्याच्या पुढे चालली होती. नदी कुठे ओलांडता येईल हे तिच्याआधी त्याला कळायचं. आता तो पंधरा वर्षांचा होता, आणि वसंतापासून त्याला काय झालं होतं हे तिला समजत नव्हतं.

"लगाम दाखवला की डोकं आभाळात," तिने सांगितलं. "जुलैत ऐन नदीकाठी मागच्या पायांवर उभा राहिला. मी वाचले, पण मागच्या घोड्यावरची डॅनिश बाई पडली. मनगट मोडलं तिचं. तिने काही म्हटलं नाही, उलट मलाच धीर देत होती. पण मी आता त्याच्यावर विश्वास ठेवू शकत नाही, केतिल."

"बघू," केतिल म्हणाला.

"सांभाळून हं. पूर्वी असा नव्हता तो."

"सगळे पूर्वी तसे नसतातच."

चौदा दिवस त्याने बघितलं. ब्रिमिर खायचा, पण मन लावून नाही. कुंपणात सरळ चालायचा. लगामाची लोखंडी कडी ओठाजवळ आली की मात्र तोच घोडा वेगळा व्हायचा. नवव्या दिवशी त्याने डोकं असं झटकलं की केतिलचा खालचा ओठ फाटला आणि टाके घालून घ्यायला ओड्नीने त्याला तालुक्याला नेलं. डायरीत त्या दिवशी लिहिलं होतं, "जाणूनबुजून." पंधराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, केतिलने फोन केला.

"नाही," तो म्हणाला.

उन्नूर म्हणाली, "बरं. पुढच्या गुरुवारी कत्तलखान्याचा ट्रक येतोय ना? मग तोवर तुझ्याकडेच राहू दे. मला त्याला परत घरी आणून पुन्हा पाठवायला जमणार नाही."

रविवारी दुपारी बेरा आली. ती केतिलच्या धाकट्या भावाची मुलगी, एकतीस वर्षांची. जनावरांची डॉक्टरकी डेन्मार्कला शिकून, तिथे तीन वर्षं काम करून गेल्याच वर्षी परत आली होती. ओड्नीने कॉफी ओतली, वेलची घातलेल्या तळलेल्या क्लाइनरचं ताट पुढे सरकवलं. बेराने ओठावरचे टाके पाहिले आणि विचारलं, "हा कोणाचा प्रसाद?"

"तुंगाचा ब्रिमिर," ओड्नी म्हणाली. "कोर्टात हजर केलेल्या आरोपीने न्यायाधीशाला मारलं. शिक्षा गुरुवारी."

बेरा हसली, पण लगेच थांबली. "काका, त्याच्या पुढच्या दातांची हिरडी दाबून पाहिलीस?"

"दात पाहिलेत. पांढरे, एकसारखे. तुझ्यापेक्षा चांगले आहेत."

"वरून चांगलेच दिसतात. सुरुवातीला काही दिसतच नाही. आत हाडात मूळ झिजायला लागतं, शरीरच स्वतःचा दात आतून खातं. मग त्या जागी नवा थर चढत जातो आणि मूळ फुगतं. खूप दुखतं, आणि बाहेर काही खूण नसते. तिथे मी पंधरा वर्षांवरच्या आपल्याच जातीच्या घोड्यांचे एक्स-रे काढायचे. दर दोन-तीन घोड्यांत एकाला असायचं."

"तिथे," केतिल म्हणाला. "सफरचंद खाऊ घालतात, साखर खाऊ घालतात. तिकडचा आजार आहे तो. साठ वर्षांत मी इथे असा एक घोडा पाहिला नाही."

"कसा दिसेल तुला?" बेराने कप खाली ठेवला. "इथला घोडा पंधरा-सोळाचा झाला, डोकं झटकायला लागला, की तू नाही म्हणतोस आणि तो ट्रकमध्ये जातो. आजार वाढायच्या आत तो बादलीत असतो. इथून तिकडे विकलेले घोडे परत येत नाहीत, तिकडेच म्हातारे होतात. म्हणून तिकडे दिसतो."

ओड्नीने केतिलच्या कपात न विचारता आणखी कॉफी घातली.

"माझ्या गाडीत मशीन आहे," बेरा म्हणाली. "अर्ध्या तासाचं काम. काढू दे मला एक्स-रे."

"माझा घोडा नाही तो. उन्नूरला विचार."

बेरा तिथूनच तुंगाला गेली आणि तासाभरात परत आली. दारातच उभं राहून तिने सांगितलं, "ती नको म्हणते. म्हणाली, 'केतिलने पाहिलंय. त्याच्यावर मी दुसऱ्याला आणलं तर उद्या त्याला तोंड कसं दाखवू?' काका, तू हो म्हटल्याशिवाय ती हो म्हणणार नाही."

"मग झालं तर."

"काय झालं? तू हो म्हण ना!"

"चौदा दिवस मी त्याच्याबरोबर होतो, बेरा. तू त्याला पाहिलंही नाहीस."

बेरा गाडीत बसली. काच खाली करून म्हणाली, "गुरुवारपर्यंत फोन चालू आहे माझा." आणि गेली.

ओड्नी ताटं आवरत होती. "तुला भीती कशाची वाटते?" तिने विचारलं.

"भीती? मला?"

"बरं, नसेल," ती म्हणाली आणि नळ सोडला.

सोमवारी सकाळी थंडी एकदम उतरली. कुंपणातल्या डोणीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. केतिल कुदळ घेऊन तो फोडायला निघाला आणि वाटेतच थांबला. घोड्यांना हे काम येतं. ह्रीमा डोणीशी आली, नाकाडाने पापुद्रा दाबून फोडला आणि प्यायली. दुसरे दोघे आले, प्यायले. ब्रिमिर मागे उभा राहिला. सगळे गेल्यावर तो आला, ओठ पाण्याच्या जरा वर धरून थांबला, मग बर्फाचा एकही तुकडा तोंडाला लागणार नाही अशा बेताने, चिमणीसारखे दोन घोट घेतले आणि डोकं मागे घेतलं.

मग तो गवताच्या गठ्ठ्याकडे गेला. इतर घोडे घट्ट गठ्ठ्यात दात घालून ओढत होते. ब्रिमिर त्यांच्या तोंडून खाली पडलेलं सुटं गवत ओठांनी गोळा करत होता.

केतिल घरात आला आणि डायरी काढली. चौथ्या दिवसाची ओळ होती, "आळशी. दुसऱ्यांचं पडलेलं खातो." म्हणजे त्याने हे पाहिलं होतं. पाहून लिहिलंही होतं. हिवाळ्यात इथे सगळ्यांना सुटं गवत मिळतं, त्यामुळे असला घोडा उपाशी राहत नाही, वाळत नाही, कोणाला काही कळत नाही. कळायची वेळ येते ती फक्त लगाम घालताना, आणि तेव्हा जे दिसतं त्याला सगळे बंडखोरी म्हणतात. सगळे म्हणजे मुख्यतः केतिल.

तो परत कुंपणात गेला. ब्रिमिरचा वरचा ओठ त्याने हळूच उचलला. दात खरोखर चांगले होते. त्याने कडेच्या दाताच्या वर, हिरडीवर, जिथे आत मूळ असावं तिथे अंगठा टेकवला आणि दाबला. घोडा डोकं झटकेल म्हणून तो तयार होता. ब्रिमिरने झटकलं नाही. त्याने डोळा मिटला. मानेवरची कातडी थरथरली आणि तो तसाच, डोळा मिटून, उभा राहिला.

केतिलने अंगठा काढला. त्याला एक पांढऱ्या पायांची लाल घोडी आठवली. मग कोणाचा तरी काळा. मग एक ठेंगणा पिवळसर, जो लगाम पाहिला की भिंतीला डोकं टेकवून उभा राहायचा. तो स्वतःशी म्हणाला, पुरे. पण ते एकापाठोपाठ येत राहिले, आणि काहींची नावंही त्याला आठवेनात. हाच प्रकार आधी कळला असता तर, हा प्रश्न त्याच्या मनात आला आणि त्याने तो तिथेच टाकून दिला, कारण गुरुवार तीन दिवसांवर होता.

त्याने खिशातून फोन काढला.

"बेरा, ये," तो म्हणाला. "उन्नूरला मी सांगतो."

मंगळवारी दहा वाजता बेराने पागेच्या दारात गाडी लावली. मशीन पिवळं, भिंतीला भोक पाडायच्या यंत्राएवढं होतं. सोबत हातभर दांड्याची एक चपटी प्लेट, लॅपटॉप आणि शिशाचे दोन जड एप्रन. उन्नूरही आली होती. ती दाराशी हात खिशात घालून उभी राहिली, आत आली नाही. केतिलने फोनवर तिला एवढंच सांगितलं होतं की बेराला पाहू दे. ती "तू म्हणतोस तर" म्हणाली होती.

"आधी एक निरोगी घोडा दे," बेरा म्हणाली. "साधारण त्याच वयाचा. तुलना करायला. नाहीतर तू मला उद्या म्हणशील, सगळ्यांचेच दात असे असतात."

"ह्रीमा घे," केतिल लगेच म्हणाला.

गुंगीचं इंजेक्शन दिल्यावर ह्रीमाचं डोकं जड होऊन खाली आलं. केतिलने ते स्टूलवर ठेवलेल्या उशीवर सरळ धरलं. बेराने प्लेट तिच्या पुढच्या दातांमध्ये सरकवली, यंत्र नाकासमोर तिरकं धरलं, "हलू नकोस" म्हणाली, आणि एक बारीक टिक असा आवाज आला. वरच्या दातांचे दोन, खालच्या दातांचे दोन. बेराने लॅपटॉपकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पडदा अर्धा मिटला आणि म्हणाली, "आता ब्रिमिर."

ब्रिमिर गुंगीतही ओठाला हात लावू देईना. तिने थोडं औषध वाढवलं. केतिलने एका हाताने त्याचे डोळे झाकले आणि दुसऱ्याने हनुवटी पेलून धरली. याच हनुवटीने त्याचा ओठ फोडला होता. पुन्हा चार वेळा टिक.

बेराने लॅपटॉप गवताच्या गठ्ठ्यावर ठेवला आणि पडदा उघडला. काळ्या पार्श्वभूमीवर दातांची लांब पांढरट मुळं हाडात उतरलेली दिसत होती. दोन चित्रं शेजारी शेजारी होती.

"कसं वाचायचं ते सांगते," ती म्हणाली. "दाताचं मूळ गाजरासारखं निमुळतं हवं. त्याच्या भोवती ही बारीक काळी रेघ दिसते ना? ती दात आणि हाड यांच्यामधली फट. ती शेवटपर्यंत अखंड हवी. रेघ कुठे पुसली असेल, मूळ टोकाला बोथट झालं असेल किंवा फुगलं असेल, आत वाळवी लागल्यासारखे ठिपके असतील, तर तिथे आजार आहे."

केतिलने चष्मा लावला. डावीकडच्या चित्रात बहुतेक मुळं गाजरासारखीच होती. कडेच्या दोन दातांच्या टोकाशी मात्र रेघ जराशी विरली होती आणि एका मुळात दोन-तीन ठिपके होते. उजवीकडच्या चित्रात चार मुळांच्या टोकांना गाठी आल्या होत्या, आणि रेघ शोधूनही सापडत नव्हती. त्याने सावकाश श्वास सोडला आणि उजवीकडच्या चित्रावर बोट ठेवलं.

"आहे," तो म्हणाला. "तुझं खरं आहे. चांगलाच आजार आहे ब्रिमिरला. मी चुकलो."

बेरा त्याच्याकडे न बघता म्हणाली, "काका, ब्रिमिर डावीकडे आहे. त्याचा आत्ता कुठे सुरू झालाय. हा ह्रीमाचा आहे."

दाराशी उभी असलेली उन्नूर आत आली.

"पुन्हा बघ," केतिल म्हणाला. "तुझी अदलाबदल झाली असेल."

"वेळ लिहिलेली आहे खाली. दहा वीस, दहा पन्नास. ह्रीमा पहिली होती."

"ती कधी..." त्याने सुरुवात केली आणि ते वाक्य तिथेच राहिलं. ती कधी मान हलवत नाही, असं त्याला म्हणायचं होतं. हे वाक्य तो दहा वर्षं म्हणत आला होता. ह्रीमा अजून गुंगीत होती, खालचा ओठ लोंबत होता. काल सकाळी तिने नाकाडाने बर्फ फोडला होता. परवा तो तिच्यावर बसून नदी ओलांडून आला होता, आणि उतरल्यावर तिच्या तोंडात कडी तशीच ठेवून शेजाऱ्याशी अर्धा तास गप्पा मारत उभा राहिला होता.

"किती वर्षं?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही. तीन, चार. काही घोडे दाखवतात, काही दाखवत नाहीत. दाखवत नाहीत त्यांचं दुखणं जास्त दिवस चालतं, इतकंच."

"आणि ब्रिमिर? दात काढले की ठीक होईल?"

"दात काढले की हे दुखणं जाईल. डोकं झटकायचा तो थांबेल की नाही, ते मी लिहून देणार नाही. त्याला वर्षभर लगाम म्हणजे दुखणं एवढंच ठाऊक आहे."

"म्हणजे नक्की नाही."

"नाही, नक्की नाही."

केतिलला राग आला. तो कोणावर आहे हे त्याला कळेना. चौदा दिवसांनी नक्की उत्तर देणं हीच त्याची आयुष्यभराची पत होती, आणि ही पोरगी सगळं यंत्र घेऊन आली, हाडाच्या आतलं दाखवलं, आणि वर म्हणते नक्की नाही. त्याने एप्रन काढून गठ्ठ्यावर टाकलं. उन्नूर त्याच्याकडे बघत होती. ती अजूनही त्याच्या तोंडाकडेच बघत होती, पडद्याकडे नाही. आताही त्याने "नाही" म्हटलं असतं तर ती बरं म्हणून निघून गेली असती.

"गुरुवारी तो जाणार नाही," केतिल म्हणाला. "मी उगाच बोललो होतो."

"उगाच?" उन्नूरचा आवाज चढला नाही, पण ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "चार दिवस मी जेवले नाही, केतिल. फोटो उतरवून फडताळात ठेवले. तुला माहीत नव्हतं तर माहीत नाही म्हणायचंस. मी दुसऱ्या कोणाला तरी विचारलं असतं."

"मला माहीत आहे असंच वाटत होतं."

"हो," ती म्हणाली. "आम्हालाही."

गुरुवारी सकाळी साडेआठला ट्रक चर्चजवळच्या मोकळ्या जागेत आला. त्या खेपेला सहा घोडे जायचे होते, सगळे केतिलच्या शब्दावर. ब्रिमिर यादीतून निघाला होता. उरलेल्या पाचांत दोन तेरा वर्षांच्या वरचे होते. केतिल आधीच येऊन तिथे उभा राहिला होता.

रूनोल्फ ट्रकवाल्याने खाली उतरून हात चोळले. "काय रे न्यायाधीश, आज जातीने? नेहमी नुसता हुकूम पाठवतोस!"

"ते दोघे चढवू नकोस," केतिल म्हणाला. "गुडरिडचा तांबडा आणि ऐलिफचा काळा. त्यांचे आधी एक्स-रे काढायचे आहेत. दातांचे."

रूनोल्फने टोपी मागे सरकवली. "दातांचे? मला तर त्यांचे दात कधी लागले नाहीत. मांस नरम असलं म्हणजे झालं!"

जमलेले दोघे-तिघे हसले. गुडरिड हसली नाही. तिने काही न विचारता आपल्या तांबड्याची दोरी सोडली आणि त्याला बाजूला नेलं. ऐलिफ मात्र तसाच उभा राहिला. तो केतिलच्याच वयाचा, लहानपणी दोघं एका बाकावर बसायचे.

"दोन आठवड्यांपूर्वी तू नाही म्हणालास," ऐलिफ म्हणाला.

"म्हणालो. चुकलो असेन."

"असेन?"

"बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

"मग बघितल्याशिवाय सांगितलंस कसं?" ऐलिफ मोठ्याने बोलत नव्हता. "माझी नात याच्यावर बसते. बसायची. तू नाही म्हणालास म्हणून तिला समजावलं मी. दोन आठवडे रडून आता कुठे ती शांत झाली. आज घोडा परत नेतो, उद्या तुझी पुतणी म्हणेल दात ठीक आहेत, मग परवा पुन्हा ट्रक बोलावू? एकदा काय ते सांग. नेहमीसारखं. हो की नाही?"

सगळे केतिलकडे बघत होते. काळा घोडा ट्रकवर चढायच्या फळीच्या तोंडाशी शांत उभा होता. जुन्या सवयीने एक शब्द केतिलच्या जिभेवर येत होता, आणि तो खरा आहे की नाही हे त्याला माहीत नव्हतं.

"एक आठवडा थांब, ऐलिफ. मी तुझ्यापुढे हात जोडतो."

"हे काही उत्तर नाही," ऐलिफ म्हणाला आणि घोड्याला फळीवर चढवलं. खूर लाकडावर वाजले. केतिलने दोन पावलं पुढे टाकली आणि तो थांबला. घोडा ऐलिफचा होता. त्याच्यावरचा जो काही अधिकार केतिलचा होता, तो त्याने आत्ताच सगळ्यांदेखत सोडला होता. रूनोल्फने फळी वर उचलली. या खेपेला तो कोणाशी थट्टा न करता गाडीत बसला.

दुपारी तुंगाच्या पागेत बेराने ब्रिमिरचे कडेचे दोन दात काढले. ह्रीमाचे सोमवारी काढायचे ठरलं होतं. इंजेक्शनने जागा बधिर केली होती, तरी काम पावणेदोन तास चाललं, कारण मुळाचं टोक हाडाला धरून बसलं होतं. केतिलने डोकं धरलं होतं. त्याचे हात भरून आले, पण त्याने जागा बदलली नाही. पहिला दात निघाला तेव्हा बेराने तो पाण्यात खळबळून उन्नूरच्या हातावर ठेवला. वरचा भाग शुभ्र होता. मुळाचं टोक कुरतडल्यासारखं, त्यात टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे.

उन्नूरने तो उलटसुलट करून पाहिला. "एवढ्याशाने," ती म्हणाली.

बेरा दुसऱ्या दाताच्या मागे लागली होती.

"केतिल," उन्नूर दाताकडेच बघत म्हणाली, "सहा वर्षांपूर्वी माझी तिन्ना होती. काळी. तीही लगाम घ्यायची नाही. तुझ्याकडे होती चौदा दिवस. तुला आठवते?"

"आठवते."

"तिचं काय होतं?"

केतिलने ब्रिमिरचं डोकं दोन्ही हातांत तसंच धरून ठेवलं. गुंगीतल्या घोड्याचा गरम श्वास त्याच्या मनगटावर येत होता. तिन्ना तेव्हा चौदाची होती. बर्फ फोडताना ती कशी वागायची, गवत कसं खायची, हे त्याने आठवून पाहिलं. त्याला तिच्या कपाळावरचा भोवराही आठवत होता, शेपटीतली पांढरी बटही आठवत होती. हे एकच आठवत नव्हतं.

"माहीत नाही," तो म्हणाला. "आता कळायचंही नाही."

उन्नूरने मान हलवली, ती होकाराची होती की नुसतीच, ते सांगता आलं नसतं. दुसरा दात सुटला, हिरडीतून रक्त आलं, बेराने कापसाचा बोळा दाबला आणि मिठाचं पाणी मागितलं. उन्नूरने हातातला दात खिडकीत ठेवला, कोपऱ्यातली बादली उचलली आणि केतिलसमोर धरली.

"डोकं मी धरते," ती म्हणाली. "तू आतून गरम पाणी आण. मीठ ओट्यावर आहे."

केतिलने बादली घेतली आणि तो घराकडे चालू लागला.